नाते: थोरली बहीण

काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
जुन्या नॉमिनीची सही लागत नाही, काका.
मी दोनदा विचारलं.
लागत नाही म्हणजे नाही. कळवावंही लागत नाही.

पॉलिसी एकवीस वर्षांची.
उद्यमनगरात लेथवर लागलो त्या सालची.
पहिला हप्ता आक्कानं भरला,
हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडून जोडून.
वारसाच्या रकान्यात माझंच वाकडं अक्षर:
शालन महादेव वाईंगडे. नाते: थोरली बहीण.
लग्न झालं, पोरगी झाली, मशीन बदललं,
रकाना तसाच.

मग शेजारच्या शेडमधला सर्जेराव गेला.
पैसे भावाच्या नावावर आले
आणि त्याची बायको आठ दिवस
कारखान्याच्या गेटवर येऊन उभी राहायची,
दिसेल त्याला कागद दाखवत.
वैजयंता काही बोलली नाही.
त्या रात्री फक्त कपाटावरची फाइल खाली काढून ठेवली,
पुसून.

फॉर्म दिला, पावती घेतली.
स्टेशन रोडवरून घराकडं वळायचं,
तर गाडी हुपरीच्या रस्त्याला लागली.
आक्का सोप्यात. पुढ्यात पाट, हातात चिमटा,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

हातातली कडी बसेपर्यंत ती गप्प.
मग म्हणाली, "बरं केलास बघ.
तू मेल्यावर मला पैसं मिळणार,
हे कुणाला सांगायचं तरी कसं रं?
शेजारीण म्हणायची, भावानं तुझी सोय केलीया.
सोय!
पावसापाण्यात तू गाडीवरनं निघालास की
माझा जीव दाराशी.
म्हणून रविवार धरला जोतिबाचा,
तू कागद केलास त्या सालापासनं."

मला ठाऊकच नव्हतं.
मला वाटायचं, आक्काला मटण आवडत नाही.

"आता सोड उपास," मी म्हणालो,
"तुझं नाव निघालं त्यातनं."
ती हसली. चहा टाकायला उठली,
उठताना गुडघा धरला, आणि
मांडीवरच्या दोन कड्या फरशीवर घरंगळल्या.
त्या शोधण्यात बराच वेळ गेला आमचा.

आठवड्यानं मोबाईलवर मेसेज: नोंद झाली.
वैजयंतानं वाचला. म्हणाली,
तुमचं हेल्मेट कुठं असतं हल्ली?

रविवारी तिनं मटण केलं.
पोरीनं नळी मागून घेतली.
पहिला घास हातात धरूनच मी आक्काला फोन लावला.
जेवलीस का?

"आज वार कुठला हाय?"
ती म्हणाली.