पाणी भरून ठेवलंय

तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये चार इंच पाणी उभं आहे.
नहाणीच्या तोंडात चिंधी आणि सिमेंटचा बोळा,
भिंतीवर खडूची रेघ: शुक्रवार, सकाळी अकरा.
अठ्ठेचाळीस तास रेघ सुटायला नको.
आता माझ्या हातात वाट बघणं तेवढं,
डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी न शिकवलेलं.

त्याआधीचे पंचवीस दिवस सांगते.

गव्हाणपाड्यातली सोसायटी, सेक्रेटरी कारखानीस, त्यांचा कागद:
हातोडा दहा ते एक, मग चार ते सहा,
रॅबिट लिफ्टमधून नाही,
रविवारी नाही, परीक्षांच्या दिवसांत नाही.
डिपॉझिट परत मिळेल असं लिहिलेलं. कधी, ते नाही.
मग बसम्मा डोक्यावर घमेलं घेऊन तीन जिने उतरली, चढली.
मी मोजत होते: एकशे बारा वेळा.
पुढे मोजायची लाज वाटली.

फणसेकर बाईंना ओटा खिडकीकडे हवा होता,
मग नको होता,
मग हवा होता पण गॅसचा पाइप न हलवता.
नकाशात जिथे नुसती भिंत
तिथे छिन्नी लागताच आवाज बदलला.
रहमतुल्लानं हात थांबवला, कान लावला.
‘मॅडम, खांब आहे.’
त्र्याऐंशी साली कुणीतरी तो
कागदावर काढला नाही, पण उभा केला.
ओपन किचन तिथेच मिटलं.
बाई दोन दिवस बोलल्या नाहीत,
तिसऱ्या दिवशी विचारलं, खांबाला कॅलेंडर लावता येईल ना?

आणि खाली नवलकर.
एकटे. गोदीत भरतीच्या नोंदी ठेवून निवृत्त झालेले.
छतावर ओलीचा डाग,
दर वर्षी स्टुलावर चढून
पेन्सिलीनं त्याचा काठ आखायचा, आत तारीख.
नऊ वर्षं, नऊ रेघा,
ओहोटी ठाऊक नसलेली भरती.
फणसेकर म्हणत, पाणी चौथ्या मजल्याचं.
चौथा म्हणे, पाइप सोसायटीचा.
सोसायटी म्हणे, आतलं ज्याचं त्याचं.
पाण्यानं कुणाचंच ऐकलं नाही,
ते उतारानं गेलं.

मी वर निळीची अर्धी बाटली ओतली
आणि खाली त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
दोघंही मान वर करून.
चहा गार झाला. चाळीस मिनिटं.
मग थेंबाच्या टोकाला
फिकट, खूप फिकट,
धुतलेल्या टाकाच्या पाण्यासारखा
निळा.
त्यांनी तो तळहातावर झेलला.
नऊ वर्षं खोटं पडलेल्या माणसाचा चेहरा
मला नीट सांगता येणार नाही.
फणसेकर त्या दिवशी टाइल्स बघायला वर आले होते.
‘जपून नेतो,’ एवढंच म्हणाले नवलकर
आणि मूठ न मिटता जिना चढले.

मग फोडलंच सगळं.
तांडेल प्लंबरनं जुना जस्ती पाइप
बोटांनी चुरला, चहातल्या बिस्किटासारखा.
नवा पाइप, कोबा, कोपऱ्यांना गोलाई,
वॉटरप्रूफिंगचे दोन हात,
आणि त्यावर हे पाणी.

नवलकर दर तीन तासांनी फोन करतात.
दोन वाजता: कोरडं.
पाच वाजता: कोरडं. आठला, अकराला.
रात्री दोनला फोन वाजला तेव्हा
मी अंधारात चपला शोधत होते, साइटच्या चाव्या शोधत होते,
मनात पुन्हा सगळं फोडून झालं होतं.
‘काही नाही,’ ते म्हणाले,
‘कोरडंच आहे. सांगायला केला.’

आज सकाळी नऊला टेम्पो आला.
टाइल्सच्या सहा पेट्या दुसऱ्या बॅचच्या,
किंचित पिवळ्या.
रहमतुल्ला म्हणाला, ओट्याखाली जातील,
तिथे कोण वाकून बघतंय.
बाई बघतील, मी म्हटलं.

वर जाऊन आले.
पाणी रेघेला धरून आहे.
अजून सव्वीस तास.