आधी पाणी

आधी पाणी, मॉरीन म्हणते, मग प्लास्टर.
उलट केलंस तर गुठळ्या,
आणि गुठळीला माफी नाही.

गुरुवार. बर्स्लम.
बंद पडलेल्या कपबशीच्या कारखान्याचा वरचा मजला,
दोन रेडिएटर, त्यातला एक नुसताच भिंतीला टेकलेला.
मी बाह्या सारते आणि गप्प राहते.
एकतीस वर्षं हार्ट्सहिलच्या इस्पितळात
मोडलेले हात बांधले, हे हिला कशाला सांगू?
ते प्लास्टर पट्टीत असायचं:
बुडवा, बुडबुडे संपू द्या, पिळा, गुंडाळा.
हे सुटं आहे.
चिमटीतून रांगोळीसारखं सोडायचं,
पाण्यावर बेट होतं, बेट आपणहून बुडतं,
मग हात तळाशी घालून ढवळायचं.
बोटं वर येऊ द्यायची नाहीत, हवा शिरते.

आणि मग ते तापतं.
हे मात्र जुनं, ओळखीचं.
खाणकामगार असो की शाळकरी पोर,
सगळे एकच वाक्य बोलायचे:
गरम होतंय गं, डक.
इथे प्रेमाने सगळ्यांनाच बदक म्हणतात.
पहिल्या वर्षी मी आरशासमोर चालून पाहिलं होतं.

सुरुवातीचे तीन गुरुवार नुसतं चित्र.
समोर प्लास्टरचा कान, हातात कोळसा.
रेघ शोधू नकोस, मॉरीन म्हणाली, सावली बघ.
पण माझा जन्म रेघ शोधण्यात गेला,
करड्या फिल्मवरची, केसाएवढी,
जिच्यापाशी डॉक्टरांचं बोट थांबायचं.
माझ्या कानाला फ्रॅक्चर झालं.
पावाच्या गोळीने खोडून काढलं.

कीथ ब्लोर शेजारी बसतो.
पंधराव्या वर्षापासून ओतकाम.
सायीइतकी दाट माती साच्यात ओततो
आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवतो.
साचा पाणी पितो, माती कडेला धरते.
अठरा मिनिटं. उरलेली परत बादलीत.
शंभरेक वेळा ओतलं की साचा थकतो, तो सांगतो,
मेंढपाळणीचं नाक बोथट होतं,
बोटं एकमेकांत मिसळून जातात.
मग?
मग उकिरडा.

तो उकिरडा म्हणाला आणि माझा हात थांबला.

सहाव्या आठवड्याला मी गोल करवत लावायचे,
शिंपल्यासारखं प्लास्टर उघडायचे,
आतून हात निघायचा, बारीक, पांढुरका, लाजलेला.
सगळे हाताकडे बघायचे. मीही.
आणि ती दोन शकलं,
आत कोपराची सुरकुती, मनगटाचा उंचवटा,
कुणाचे चिकटून आलेले केस,
मी पायाने पेडल दाबून टाकून द्यायचे.
एकतीस वर्षं साचे. रोज दहा-बारा.
एकदाही कुणी ओतून पाहिलं नाही.

घरी कर्णिक बटाटे खणतात.
बटाटे सात, बशा तेवीस, असं बागेतूनच ओरडतात.
या गावाची जमीनच तशी,
हातभर खाली गेलं की नुसती खापरं:
निळी वेल, सोनेरी कड, अर्धं पाखरू.
कुदळीची धार गेली तेव्हा
तेही खापर त्यांनी माझ्याच माथी फोडलं.

मी ती साबणाने घासते, चिमट्याने तोडते.
एक तुकडा मनासारखा, चार भलतीकडेच.
मोझेक उलटं लावायचं असतं:
नक्षी खाली, कागदाकडे, खळीने चिकटवून.
आपल्या वाट्याला फक्त पाठी.
पाठींवर मग सिमेंट, ते वाळलं की कागद भिजवायचा,
सोलायचा, आणि तेव्हाच कळतं काय केलंय ते.

काल स्वयंपाकघराच्या टेबलावर
एका पाठीवर अंगठा दिसला.
कुणीतरी ओली बशी उचलली असणार,
आणि ठसा तसाच भट्टीत गेला, पक्का झाला.
मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला.
माझा मोठा आहे.
पुष्कळच मोठा.

बाकी सगळ्यावर सिमेंट लावून झालं.
तेवढ्यावर अजून नाही.