एक टक्का वजा

बेचाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो.
माझा धंदा कमी करण्याचा.
सळई येते, मी तिच्यातून काढत जातो,
एक सूत, अर्धं सूत, मग केसाएवढं.
खाली कीस साठतो
आणि वर उरतं त्याचे गिऱ्हाईक पैसे देतं.

म्हणून शाकंभरी म्हणाली,
बाबा, तो ग्रह दिसत नाही,
ताऱ्याचा जेवढा उजेड अडवतो तेवढाच कळतो,
तेव्हा मला समजायला वेळ लागला नाही.
तिच्या बीएस्सीच्या पोरांना लागतो म्हणे.

तसं कोल्हापूरकराला यात नवल नाही.
किरणोत्सवाला ऊन अंबाबाईच्या कमरेशी थांबलं
की आम्ही देवळाबाहेर येऊन
कुणाची पाण्याची टाकी आडवी आली ते शोधतो.

कोग्याच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण.
बैठक बिडाची, शिरोलीत ओतलेली.
जिन्यातून चढवायला चार माणसं लागली,
पाचवा इर्शाद मुजावर, नुसता सूचना द्यायला.
कॅमेरा त्याचा.
लग्नाच्या शूटिंगमधून निवृत्त झालेला माणूस,
आता रात्रभर एकाच ताऱ्याचे फोटो काढतो
आणि तारा हसत नाही म्हणून तक्रार करतो.

माघातली रात्र. गुऱ्हाळं पेटलेली.
गुळाचा धूर नदीवरून सरकत येतो
आणि तारा मंदावतो.
पण शेजारचाही मंदावतो.
धूर दोघांना सारखाच.
एकट्याचाच उजेड घटला, तर संशय घ्यायचा.

दोन वाजता थ्री फेज आली.
बाळासो चौगले उसाला पाणी पाजायला निघाला,
बॅटरीचा झोत गच्चीवर मारून ओरडला, कोण हाय रं वर?
आलेखात एक ठिपका उडाला.
त्याच्यापुढं शाकंभरीनं नीट लिहिलं:
बाळासो, २.०७.

दोन एकवीसपासून ठिपके उतरू लागले.
एकदम नाही. आधी कड घासली जावी तसे,
मग तळाशी सपाट, थोडी गोलाई धरून.
शंभरातला एक भाग, जरा वरच.
गुरूहून मोठा वायूचा गोळा
ताऱ्याच्या इतका जवळ
की सोमवारी त्याचा पाडवा
आणि गुरुवारी रात्री पुन्हा पाडवा.
हा उजेड निघाला तेव्हा
उद्यमनगर नव्हतं, मी नव्हतो.
रंकाळा होता.

पण तळ सरळ येईना.
दर चार मिनिटांनी एक बारीक हिसका.
शाकंभरीला वाटलं वारा, इर्शादला वाटलं कॅमेरा.
मी घड्याळ लावलं आणि गप्प बसलो.

तीनशे साठ दातांचं ते चाक
आणि त्याला फिरवणारा वर्म
गणपत वस्तादांनी कापला होता, शेवटच्या वर्षी.
हात कापायचा तेव्हा त्यांचा.
मी म्हटलं होतं, मी करतो.
ते म्हणाले, बाजूला हो.
वर्मचा एक फेरा चार मिनिटांचा.
प्रत्येक फेऱ्यात एका जागी
त्यांचा हात थरथरतो, तारा तेवढा सरकतो.

वस्तादांना जाऊन सहा वर्षं झाली.

शाकंभरी म्हणाली, सोपं आहे,
हिसका ठराविक आहे, वजा करून टाकू.
कर, म्हटलं.
वजा करणं मला शिकवू नकोस.
फक्त जे काढशील ते वेगळ्या फाइलीत ठेव,
नाव मी सांगतो.

साडेपाचला बाळासो परत आला, गुडघाभर चिखल.
खालूनच विचारलं, गावलं काय?
एक टक्का गेला, इर्शाद म्हणाला.
एकच? बाळासो म्हणाला,
आमचा काटा तर तीन मारतोय.
आणि चहाला वर आला.

पूर्वेला शहराच्या उजेडात खरा उजेड मिसळत होता.
मी बैठकीवर हात ठेवला.
बीड गार होतं,
मोटर अजून चालू होती.
चार मिनिटं थांबलो.