मुद्दा तीन-दोन

बेलापूरच्या हॉटेलात, एसी इतका की शाल हवी होती,
दोन दिवस बसून आम्ही कंपनीचं भवितव्य ठरवलं.
चौसष्ट स्लाइड. इतिवृत्त मी लिहिलं.
आम्ही वजनकाटे बनवतो, तुर्भे एमआयडीसीत,
पत्र्याच्या शेडखाली, एकोणचाळीस वर्षं;
पण त्या दोन दिवसांत काटा हा शब्द कुणी उच्चारला नाही.
‘आपण विश्वास विकतो,’ निमिषसाहेब म्हणाले,
आणि मी ते उतरवून घेतलं,
विश्वासाचं बिल कुठल्या कोडखाली फाडायचं
हे विचारायचं राहूनच गेलं.

मुद्दा तीन-दोन माझ्या वाट्याला आला:
बंद पडलेला काटा चार तासांत चालू.
टाळ्या पडल्या. मग जेवण होतं.

एप्रिलमध्ये तीन-दोन लाल.
मेमध्ये लाल.
जूनच्या आढाव्यात ठरलं की माणसांची मानसिकता बदलायला हवी,
म्हणून मानसिकतेचं एक शिबिर झालं,
त्यात हिराजी मढवीने डोळ्यांना पट्टी बांधून
सहकाऱ्याच्या भरवशावर चार पावलं टाकली
आणि गुडघा टेबलाला आपटून घेतला.

मग एका रात्री मी त्याच्याबरोबर गेले.
वाशीचा कांदा-बटाटा बाजार, पहाटेचे पावणेतीन.
टरफलं दिव्यांखाली उडत होती,
आणि मोहोळकरांच्या गाळ्यावरचा आमचा काटा
वर काहीच नसताना
तेरा किलो दाखवत होता.
हिराजीने तो पालथा केला. मिनिटही लागलं नाही.
‘लोडसेल गेला.’
‘मग बदल.’
‘स्टोअरला आहे. स्टोअर नऊला उघडतं.’
तो गोणीवर बसला, दोन चहा सांगितले.
त्याला नऊपर्यंत बसायची सवय होती.
मापाडी शेजारून उसना काटा घेऊन आला,
त्यावर नाव दुसऱ्या कंपनीचं.

किल्ली एकच आहे. गजानन तरेंकडे.
रोज संध्याकाळी ती त्यांच्यासोबत गोठिवलीला जाते,
देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर झोपते.
मी तावातावाने गेले, स्लाइडवरचे शब्द तोंडात धरून.
ते उठले. ड्रॉवर. प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कागद,
घड्यांवर झिजलेला, चिकटपट्टीने धरलेला.
‘दोन हजार आठची चोरी. अठरा लोडसेल.
मोठ्या साहेबांची सही आहे, बघा.
किल्ली स्टोअरकीपरने स्वतःजवळ ठेवावी,
एकही नग कमी होता कामा नये.
नाही झाला, मॅडम. आजपर्यंत.’

मी खुर्ची ओढून बसले.
आमच्याकडे एक धोरण अमलात आलं होतं तर.
पुरतं, बिनबोभाट, कुणी आढावा न घेता.
ज्यांनी काढलं ते साहेब भिंतीवरच्या हारात गेले,
आणि आता पुरे,
हे सांगायला
कुणी खाली स्टोअरपर्यंत आलंच नव्हतं.

चार ओळी मी टाइप केल्या. निमिषसाहेबांनी
गाडीत बसता बसता सही केली, न वाचता.
तरेंनी दोनदा वाचल्या.
‘रात्री काढलेल्या मालाची नोंद कोण करणार?’
चौसष्ट स्लाइडमध्ये हा प्रश्न नव्हता.
दोनशे पानी वही आणली, सुतळीने पेन बांधलं,
तुर्भे नाक्यावर साठ रुपयांत दुसरी किल्ली पाडली.
तिचे दात तरेंनी पहिलीच्या दातांवर ठेवून पाहिले,
मग हिराजीच्या हातात दिली, लगेच सोडली नाही.

ऑगस्टमध्ये तीन-दोन हिरवा.
कारण: मानसिकतेत झालेला बदल.
इतिवृत्त मीच लिहिलं, तसंच लिहिलं.

नवा कागद तरेंनी त्याच पिशवीत ठेवला, जुन्यावर.
ड्रॉवर ढकलता ढकलता थांबले.
‘हा कधीपर्यंत पाळायचा? तारीख घातली नाहीत.’
मी पेन काढलं.
बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना पी-पी करत होती,
ती थांबेपर्यंत मी पेन तसंच धरून होते.