फळ्यावरचं पाणी

पहाटे साडेचारला शटर वर ढकलते,
गांडुळांचा फ्रिज घरघरतोय एवढं ऐकते
आणि फळा पुसते.
कालचं पाणी ओल्या फडक्यात जातं.

मग लिहिते:
पातळी कालच्यापेक्षा चार बोटं खाली.
वरचं पाणी तापलेलं, पाय बुडवला तरी गार वाटत नाही.
तीस फुटांखाली गारवा आहे, पण तिथे श्वास नाही.
मासे मधल्या अरुंद पट्टीत,
वर आच, खाली गुदमर.
ऑगस्ट सरताना सगळ्यांचंच असं होतं,
हे मात्र लिहीत नाही. खडू महाग आहे.

स्ट्राइपर: उजाडताना, धरणाच्या भिंतीलगत.
शॅडची पिल्लं खालून वर रेटतात,
पाण्याला उकळी फुटते, चांदी उडते,
वीस मिनिटं, फार तर पंचवीस.
मग सूर्य डोंगराच्या खांद्यावर येतो
आणि तळं असं गप्प होतं,
जसं काही कुणी कुणाला खाल्लंच नाही.
कॅटफिश: रात्री, कोंबडीच्या कलेजीवर.
बोट उतरवायचा रॅम्प: सिमेंट संपलं की लोखंडी पत्रे,
पत्रे संपले की तुमचं तुम्ही बघा.

एल पासोची पोरं थंड डबे घेऊन येतात,
विचारतात, लागतंय का काही?
लागतं, म्हणते. झोपलात नाही तर.

सातच्या सुमाराला एलेउतेरिओ सेदीयो.
त्याच्या पिकअपमध्ये गळ नसतो, शिडी असते.
वरच्या खाडीत कॉटनवुडची मेलेली झाडं
पाण्यातून बाहेर आलीत, उंच, पांढरीफटक,
आणि त्यांच्या शेंड्यांना लटकलेत
तीस-चाळीस वर्षांतले अडकलेले गळ:
लाकडी मासे, पितळी चमचे, रबरी बेडूक,
काचेचे डोळे सताड उघडे,
पाणी कुठे गेलं ते बघत.
तो एकेक उतरवतो, फळं तोडावी तसा.
कॉफीचा डबा भरला की माझ्याकडे येतो.
गंजलेल्याला दहा सेंट, डोळे शाबूत असतील तर पंचवीस.
"ह्या फांदीच्या वर माझी बोट असायची,"
हात छताच्या पंख्याकडे नेत म्हणतो.
पंख्याच्याही वर.

मंगळवारी त्याने डबा काउंटरवर पालथा केला
आणि एक परत उचलला.
बोटाएवढा लाकडी मासा, रंग उडालेला,
गालावर नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके.
ब्रीखिदाचा.
ती म्हणायची, गाल लाल असले की मासे लाजत नाहीत.
अडकला तेव्हा ह्याने चाकूने दोरी कापली,
"जाऊ दे, तळाला गेला" म्हणाला,
आणि ती घरापर्यंत बोलली नाही.
चौऱ्याऐंशी मैल.

तळाला गेला नव्हता.
ब्रीखिदाला जाऊन अकरा वर्षं झाली,
तळं अर्ध्याहून अर्धं झालं,
आणि हा झाडाला धरून होता
दोरीच्या वीतभर तुकड्यासकट.
तिची गाठ. पाच वेढे, थुंकी लावून आवळलेली.
एलेउतेरिओने ती नखाने चाचपली.
सुटत नव्हती. त्याने सोडवायचा प्रयत्नही केला नाही,
खरं तर.

मी म्हटलं, कॉफी?
तो म्हणाला, साखर नको.
बाकीच्यांचे दोन डॉलर चाळीस झाले.
त्याने मोजून घेतले.

आज शिडी आली नाही.
लांब, पत्र्यांच्या टोकाला, गुडघाभर पाण्यात कुणीतरी उभं आहे,
ऊन इतकं की ओळखू येत नाही.

फळा:
पातळी आणखी तीन बोटं खाली.
वारा नाही.
वरच्या खाडीत जपून जा, नवी झाडं वर येतायत.
गळ अडकला तर दोरी लगेच कापू नका.
गांडुळं डबा अडीच डॉलर. बर्फ संपला.