नावं ठेवणं

सातार्ड्याच्या वर, ओहोळालगतच्या राईत
दिव्याचा सापळा टांगला, त्याला आज नववी रात्र.
सकाळी बाटलीच्या तळाशी काळी पूड:
केमरं, चिलटं, घुंगुरटं,
आणि एक भलताच पतंग, सगळ्यांचा चुरा करून बसलेला.

भिवा गवस दंड खाजवत म्हणतो,
"खाडीवरला भरती ओसरल्यार चावता,
ह्या राईतला दिवेलागणीक. दोगांची आग येगळी."
मी लिहून घेते.
ओळख पटवायच्या माझ्या तक्त्यात आगीचा रकाना नाही.

काचपट्टीवर पंख पसरते. मिलिमीटरभर.
पुढच्या कडेला फिकट ठिपका हवा होता,
नाही.
दुसरी मादी, तिसरी, अकरावी.
नाही.
बाहेर धनेश ओरडतो. चहावर साय धरलेली.

चावते ती मादीच; नर फुलांवर भागवतो.
सहावीचं पोट लालभडक होतं.
फिनॉलमध्ये ठेवली तशी निवळत गेली,
पहाटेपर्यंत नुसती काच.
भिवाचं रक्त असेल. नाहीतर त्याच्या पाड्याचं.
लेबलावर गाव, तारीख, उंची, गोळा करणारीचं नाव;
कोणाचं प्यायली, त्याला जागा उरत नाही.

"आता हिला नाव ठेवायचं, भिवाकाका."
तो विस्तवात ओली शेणी सारतो, धुरातून हसतो:
"नावां तर आमी आज्यापास्ना ठेवतंव.
चावूचा खंय सोडल्यानी?"

माझ्या मनगटावर एक येऊन बसते.
हात उचलत नाही मी.
आधी पंख बघते.