रकाना नववा

शिराळ्याहून निघालेली जीप वसाहतीच्या चौकात थांबली
तेव्हा बायजाबाई झोरे पत्र्यावरच्या मिरच्या पालथ्या करत होत्या.
मी नाव सांगितलं, विद्यापीठ सांगितलं,
प्रकल्पाचं शीर्षक सांगताना मलाच धाप लागली:
ऐतिहासिक उद्यानाशी पारंपरिक संबंध असलेल्या
समुदायांचे लोकजीवन, एक अभ्यास.

"उद्यान म्हंजी बागच न्हवं?" त्या म्हणाल्या.
"तितं कुटं बाग व्हती?
बागंत घसरगुंडी असती, शेंगदाणं इकणारा असतो.
सांगलीला बघितलीया म्या, नातवासंगं."

मी लिहिलं: उत्तरदातीस संज्ञा अपरिचित.
मग खोडलं.
संज्ञेला उत्तरदाती अपरिचित, असं लिहायला
फॉर्मात जागा नव्हती.

नकाशा चटईवर पसरला.
हिरव्या रंगावर आकडे, कक्ष एकशे बारा, कक्ष एकशे तेरा.
धाकलू, त्यांचा दीर, नव्वदीला टेकलेला,
दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं,
बोटानं कागद चाचपत राहिला
कुठंतरी चढ लागेल म्हणून.
"ह्यो सपाट हाय," म्हणाला. "आमचं न्हवं ह्ये."
आणि नकाशा बाजूला सारून सांगत सुटला:
रेड्याचा माळ, ताकवण, बाळंतिणीचा झरा,
आणि ती उतरण, जिथनं बाया
लोण्याची मडकी डोक्यावर घेऊन कोकणात उतरायच्या
आणि मीठ घेऊन वर यायच्या.
प्रत्येक नावापुढं मी कंस केला.
अक्षांश-रेखांश भरायचे होते त्यात.
ते कंस अजून उघडेच आहेत.

नववा रकाना सगळ्यांत अरुंद:
संबंध असल्यास लेखी पुरावा.
सातबारा? सातबारा माळावर उगवत नाही.
घरपट्टी? घर कुडाचं,
म्हशींच्या मागं सरकत जाणारं.
रेशनकार्डावर गाव खालचं, दुसऱ्याचंच.
सवयीनं मी "नाही" लिहायला पेन टेकवलं,
"ना" लिहूनही झाला

आणि बायजाबाई उठल्या.
आत ट्रंकेचं झाकण वाजलं.
पिशवीत पिशवी, तिच्यात तिसरी,
तिच्यात घड्यांवर विरलेला गुलाबी कागद.
वन विभाग. दंडाची पावती.
गुन्हा: प्रतिबंधित क्षेत्रात अवैध चराई.
जनावर: म्हैस, एक.
रक्कम: रुपये दोनशे पन्नास फक्त.

"चांदी," त्या म्हणाल्या.
"हितं आनली तवा आट दिस नुसती उबी.
उसाचं वाडं टाकलं, तोंड लावलं न्हाई.
नवव्या राती दावं तोडून गेली.
कॅनॉल वलांडला, डांबरी वलांडली,
शाळंचं पटांगान, बाजार, समदं.
तिला कुनी वाट दावली न्हाई, तिनंबी कुनाला इचारली न्हाई.
चौथ्या दिशी घावली.
आपल्याच पडक्या गोठ्यात बसल्याली.
रवंथ करीत.
गार्डानं पावती माज्या नावानं फाडली.
म्हनला, म्हातारे, तुजी म्हस घुसखोर हाय."

वाऱ्यानं मिरच्यांचा खकाणा आत आला.
धाकलू हसला की खोकला,
मुद्रणात चारदा ऐकूनही ठरत नाही.

फॉर्मवर माझा "ना" तसाच होता,
पुढची "ही" लिहायची राहिलेली.
त्याला मी "तं" जोडलं.
खाली पावती क्रमांक, तारीख, शिक्का आहे.

कागद फाइलला लावायला घेतला
तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं,
दावं धरावं तसं, न आवळता, पण सुटणार नाही असं.

"झेराक्स काढा आन परत द्या.
चांदीचा दुसरा फोटू न्हाई माज्याकडं."